ऑगस्टातली काप्पेलेत्ती

निवेस झागीचा पारा त्या दिवशी सकाळीच चढला, आणि निमित्त झालं एका नकाशाचं.

नकाशा वालफोसा गावाचा. इटलीतल्या पो नदीच्या बंधाऱ्याला खेटून वसलेलं एवढंसं गाव, आणि त्यावर तित्सियानोनं लाल टिकल्या चिकटवल्या होत्या. एक टिकली म्हणजे गावातच चिकुनगुन्या झालेला एक पेशंट. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात डासांचं खातं म्हणजे मुख्यतः ही दोन माणसं. खात्याची प्रमुख निवेस, पन्नाशी ओलांडलेली, आवाजानं खणखणीत. तिचा सहकारी तित्सियानो, टक्कल पडलेला, मऊ बोलणारा, दिवसभर ज्येष्ठमधाच्या गोळ्या चघळणारा.

"टिकल्यांना काही आकारच नाही हो, डॉक्टरबाई," तो म्हणाला. "एक चर्चपाशी, एक स्टेशनच्या रस्त्याला, दोन नव्या वस्तीत, एक पार कालव्यापलीकडे. डास काय सायकलवरून हिंडतोय का?"

"डास नाही हिंडत. हा डास महाआळशी असतो. ज्या अंगणात जन्मला, त्याच्या शेजारच्या अंगणात मरतो. हिंडतात ती माणसं." निवेसनं टेबलावर हात आपटला. "आणि या पाचही जणी म्हणतात, आम्ही घरीच होतो! खोटं बोलताहेत. धडधडीत खोटं!"

"अहो, सत्तरीच्या बायका आहेत..."

"म्हणूनच तर! सत्तरीची बाई एकदा खोटं बोलायचं म्हणाली की वकीलसुद्धा तिच्यापुढे पाणी भरतील."

रोग गावात आला कसा, ते तिला ठाऊक होतं. एर्मेस नावाचा निवृत्त ट्रक ड्रायव्हर हिंदी महासागरातल्या एका बेटावर लेकीला भेटायला गेला आणि येताना ताप घेऊन आला. त्याच्या डॉक्टरनं कळवलं, रक्त तपासलं गेलं आणि लगेच निवेसची माणसं त्याच्या गल्लीत उतरली. आसपासचं प्रत्येक फाटक वाजवलं, प्रत्येक कुंडीखालची थाळी उपडी केली, गटाराच्या जाळ्यांत गोळ्या टाकल्या, फवारणी केली. या कामात निवेसचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. एर्मेसच्या गल्लीत एकालाही ताप आला नाही. ताप आला तो गावाच्या पाच टोकांना, पाच म्हाताऱ्यांना, ज्यांनी म्हणे घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

त्यांच्या घरांभोवतीही फवारणी झाली. तिथल्या अंगणांत ठेवलेले सापळे, म्हणजे पाण्याचे काळे डबे आणि त्यांतल्या लाकडी पट्ट्या, निवेसनं स्वतः तपासले. पट्ट्यांवर डासांची अंडी नेहमीइतकीच होती. म्हणजे या बायकांना डास चावला ती जागा वेगळीच कुठेतरी होती, आणि तिथे तो अजूनही चावत होता. दर आठवड्याला असल्या बातम्या वर जातात आणि सगळ्या युरोपच्या नकाशावर ठिपके पडतात. फ्रान्सचे पडतात, स्पेनचे पडतात, इटलीचे पडतात. या आठवड्यात वालफोसाचा ठिपका पडायचा होता, आणि निवेसला तो स्वतःच्या नाकावर उठलेल्या फोडासारखा वाटत होता.

तरी एरवी तिनं हे कोडं मजेत सोडवलं असतं. आज ते जमत नव्हतं, कारण त्या टिकल्यांच्या मधोमध एक घर होतं आणि त्या घरात मोरेना होती. मोरेना म्हणजे निवेसच्या मावशीची नात. नवरा जहाजावर, म्हणून बाळंतपणाला आजीकडे आलेली, दिवस भरलेली. मोठ्या माणसाला हा रोग झाला तर सांधे धरतात, तो महिनोन्महिने कण्हतो आणि बहुतेक वेळा बरा होतो. पण बाळंत होताना आईच्या रक्तात रोग असला तर तो बाळाला लागू शकतो, आणि नुकत्याच जन्मलेल्या जिवाच्या थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो. निवेसला पुस्तकातलं ते पान पाठ होतं. दोन रात्री ते तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. सरपंच होते.

"डॉक्टरबाई, लोक फार बोलायला लागलेत. त्या तागाच्या तळ्यात औषध टाकून टाका ना एकदाचं."

वालफोसाच्या शिवारात अशी जुनी तळी पुष्कळ. पूर्वी त्यांत ताग कुजत घालायचे, आता बेडूक आणि मासे. गावात कुणाला शिंक आली तरी बोट तळ्याकडे.

"सरपंचसाहेब, तुमच्या तळ्यातले मासे अळ्या मिटक्या मारत खातात. हा पट्टेरी डास तळ्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला बादली लागते, जुना टायर लागतो, तुमच्या सौभाग्यवतींच्या जिरेनियमखालची थाळी लागते. ती उपडी केलीत का?"

"बघतो," सरपंच म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"तू नव्या वस्तीत जा," निवेस तित्सियानोला म्हणाली. "मी दिर्चेकाकूंकडे जाते. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि आज मी ते शोधल्याशिवाय जेवणार नाही."

बंधाऱ्यावरचा रस्ता घरांच्या छपरांहूनही उंच. तिथून जाताना गावाची सगळी परसदारं खाली दिसतात. कुणाच्या टोमॅटोला लावलेल्या काठ्या, कुणाच्या चादरी, कुणाचा मोडका ट्रॅक्टर, बंद पडलेल्या सहकारी दुकानामागची हिरवी ताडपत्री. निवेसची पांढरी गाडी या रस्त्यानं रोज जायची, आणि गावाला ती लांबूनच ओळखू यायची.

दिर्चेकाकू अंगणात वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. ताप उतरला होता, तोंड उतरलेलंच होतं.

"कशा आहात काकू?"

"कशी असणार? मेले गं मी! ही बोटं बघ माझी." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. सांधे सुजून टणक झाले होते. "सकाळी कॉफीचा कप धरवत नाही. बटण लागत नाही. ते जाऊ दे, बटणं लावायला सून आहे. पण चिमटीच बसत नाही! पोळीचा चौकोन घ्यावा, सारण ठेवावं, दुमडावं, आणि टोकाला टोक जोडायचं म्हटलं की बोट येतच नाही शेवटपर्यंत. काप्पेलेत्तीचं तोंड उघडं ते उघडंच. रश्शात सोडली की सारण बाहेर!"

"अरेरे."

"लाज वाटते मला! फ्रॉक घालत होते तेव्हापासून मुरड घालतेय मी, आजवर माझी एक टोपी फुटली नाही."

"खरंय," निवेस अगदी गोड आवाजात म्हणाली. "पण काकू, ऑगस्टमध्ये?"

दिर्चेकाकूंनी हात मागे घेतले.

वालफोसात काप्पेलेत्ती होतात त्या नाताळात. पिठाच्या त्या इवल्या टोप्या कोंबडीच्या उकळत्या रश्शात सोडायच्या आणि बाहेर धुकं दाटलेलं असताना फुंकर घालत खायच्या. ऑगस्टच्या उकाड्यात काप्पेलेत्ती वळणाऱ्या बाईचं एकतर डोकं फिरलेलं असतं, नाहीतर ती त्या घरच्यांसाठी वळत नसते.

"मी आपलं उदाहरण दिलं," काकू म्हणाल्या.

"छान दिलंत." निवेसनं त्यांच्या दोन्ही गालांना गाल लावले, गाडीत येऊन बसली आणि मोठ्यानं हसली. समुद्राकाठच्या हॉटेलांत उतरणारे जर्मन पाहुणे भर ऑगस्टात काप्पेलेत्ती मागतात आणि त्यावर साय ओतून खातात, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. साय ओतून! त्या हातानं वळलेल्या काप्पेलेत्ती येतात कुठून, हे मात्र कोणी कोणाला विचारत नसे. परवाना नसलेल्या जागेतून खायचा जिन्नस विकला की आरोग्य कार्यालय टाळं ठोकतं. ते निवेसचंच कार्यालय, फक्त मजला वेगळा.

पाच म्हाताऱ्या, एक जागा, आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. हे जमवून आणायची धमक असलेली बाई वालफोसात एकच होती. निवेसचं हसू विरलं. ती बाई तिची मावशी होती.

आई गेल्यावर निवेसला वाढवलं ते आर्जामावशीनं. ठेंगणी, ताठ, शब्दाला शब्द देणारी. निवेस आत शिरली तेव्हा ती स्वयंपाकघरात खिडक्या मिटून बसली होती, एवढ्या उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून.

"कुठे बसता तुम्ही सगळ्या?" निवेसनं दारातूनच विचारलं.

"आधी आत ये. काही रीतभात आहे की नाही? की आरोग्य कार्यालयात तीही बंद केलीय?"

"मावशी, काप्पेलेत्ती कुठे करता?"

"काप्पेलेत्ती? ऑगस्टमध्ये? ऊन लागलंय तुला. टोपी घालत जा."

"दिर्चेकाकू बोलल्या."

"दिर्चेला ताप आहे. तापात ती आपल्या नवऱ्याला पोपसुद्धा म्हणेल."

निवेस खुर्ची ओढून समोर बसली. मावशीनं कॉफीचं विचारलं नाही. या घरात हे कधी घडलं नव्हतं, पण निवेसच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"मला तुमच्या पोळपाटाशी काही घेणं नाही गं. मला डास हवाय."

"आज डास, उद्या पोळपाट. तुमचं कार्यालय मला चांगलं माहीत आहे. कारखान्यातल्या पाकिटातल्या त्या रबराच्या टोप्या, त्यांच्यावर शिक्का आहे म्हणून त्या चांगल्या. आमच्या हातांवर शिक्का नाही, म्हणून आम्ही गुन्हेगार! काय करावं आम्ही? खिडक्या लावून टीव्हीपुढे बसून मरणाची वाट बघावी? तिथे गेलं की चार शब्द बोलणं होतं, दोन शिव्या देणं होतं, कुणीतरी म्हणतं आर्जा, तुझ्यासारखी पोळी कुणाला लाटता येत नाही. माणसात आल्यासारखं वाटतं."

"तिथे म्हणजे कुठे?"

मावशी थबकली. "कुठेच नाही."

"मावशी!"

"ओरडू नकोस. ताप आला, ताप गेला. लहानपणी पुरात आम्ही छपरावर बसून दिवस काढलेत. आम्हाला डासाची भीती घालतेस?"

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि मोरेना आत आली. पोट पुढे, हात कमरेवर, चेहरा घामानं डबडबलेला आणि हसरा. "अगंबाई, निवेसमावशी! कधी आलीस?"

निवेसची नजर खाली गेली. मोरेनाच्या काळ्या झग्यावर, पोटाच्या बरोबर फुगवट्यावर, पांढरा आडवा पट्टा उमटला होता. पिठाचा. टेबलाच्या कडेला पोट टेकून उभं राहिलं की उमटतो तसा.

"तूसुद्धा?" निवेस म्हणाली. तिचा खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता.

मोरेनानं पट्ट्याकडे पाहिलं, मग आजीकडे. "सांगितलंस तू?"

"मी काही सांगितलं नाही. तुझं पोट बोललं," मावशी म्हणाली.

"मी नुसते डबे भरते गं, बसून. घरी बसून करू काय? तिथे गार असतं."

"पाय दाखव."

मोरेनानं झगा उचलला. दोन्ही घोट्यांवर चावल्याच्या लाल खुणा होत्या, काही ताज्या. निवेसनं तिच्या कपाळाला हात लावला, मानेला लावला. ताप नव्हता. निवेसच्या जिवात जीव आला, पण तो राग घेऊनच आला. ती मावशीकडे वळली.

"आता ऐक, मध्ये बोलू नकोस. तुझ्यामाझ्यासारखीला हा रोग झाला तर आपण कण्हू आणि बऱ्या होऊ. हिला झाला आणि त्यातच कळा सुरू झाल्या, तर तो त्या बाळाला होईल. एवढ्याशा बाळाला, मावशी. त्याच्या डोक्यात जाईल. त्यानंतर माझ्या हातात काही नाही, डॉक्टरांच्या हातात फार थोडं, आणि तुझ्या हातात तर काहीच नाही. तुमच्या त्या जागेत तो डास रोज जन्मतोय. ती जागा मला आत्ता, या मिनिटाला हवीय."

मोरेनानं दोन्ही हात पोटावर ठेवले. आर्जामावशी तिच्या हातांकडे बघत राहिली.

"मोरेना, खिळ्यावरची किल्ली हिला दे," ती म्हणाली. "चल गं. बंद पडलेलं सहकारी दुकान. मागचं अंगण."

निवेसनं मोरेनाला खिडक्या-दारं लावायला लावली, हातापायांना डास पळवायचं औषध फासलं आणि तित्सियानोला फोन केला, आधी इथे येऊन हिचं रक्त घे, मग दुकानामागे ये म्हणून. आता कामाचा रस्ता दिसला होता आणि रस्ता दिसल्यावर निवेसला थांबवणं कोणाच्या बापाला जमलं नसतं.

अंगण छान होतं, हे कबूल करायला हवं. लांबच लांब टेबलं, त्यांवर पांढरे शुभ्र कपडे अंथरलेले, कपड्यांवर टोप्यांच्या रांगा, जणू शाळेतली मुलं कवायतीला उभी. वर ताडपत्री ताणलेली, तिच्यातून हिरवट सावली पडत होती.

"गार आहे की नाही?" मावशीला राहवलं नाही. "माझी कल्पना. आत भट्टी होते, म्हणून टेबलं बाहेर काढली. पण बंधाऱ्यावरून सगळं दिसतं ना. म्हणून ताडपत्री."

"कोणाला दिसतं?"

"कोणाला म्हणजे? तुला! तुझी ती पांढरी गाडी रोज सकाळी डोक्यावरून जाते."

निवेसनं मान वर केली. दोऱ्यांच्या मधे ताडपत्रीला पोटं सुटली होती. जुलैतल्या वादळात पडलेला पाऊस त्यांत साचला होता, आणि नंतरच्या प्रत्येक सरीनं त्यात भर घातली होती. तिनं टेबलावरची एक मोठी पळी उचलली, खुर्चीवर चढली, ताडपत्रीच्या काठावरून पळी आत घातली आणि भरून खाली आणली.

"चष्मा लाव," ती म्हणाली.

मावशीनं वाकून पाहिलं. पळीतलं पाणी नुसतं वळवळत होतं. बारीक अळ्या वर यायच्या, पलटी खायच्या, खाली जायच्या. एवढ्याशा पळीत बोट बुडवायला जागा नव्हती.

"अगं आई गं," मावशी म्हणाली. "एवढे?"

"आणि वर अशा कितीतरी पळ्या भरतील एवढी पोटं आहेत. खाली तुम्ही, दिवसभर, उघड्या पायांनी. हा डास दिवसाउजेडीच चावतो. एर्मेस इथे आला होता का?"

"ताप होता बिचाऱ्याला. म्हटलं, ये, गरम रस्सा घे, बरं वाटेल. त्या टोकाला बसला होता."

"डास त्याला चावले, मग तुम्हाला चावले. संपलं कोडं." निवेसनं पळीतलं पाणी तापलेल्या फरशीवर ओतलं. "माझ्यापासून लपायला छप्पर बांधलंत, आणि त्या छपरातच तो वाढवलात."

"मी बांधलं," मावशी म्हणाली. तिचा ताठा पहिल्यांदाच कमी झाला होता. "दिर्चेला वगैरे काही बोलू नकोस. गाठीसुद्धा मी मारल्या."

"मग सोड त्या. पाणी जमिनीवर सांडू दे, उन्हात मरतील."

मावशी खांबापाशी गेली. गाठ साधीच होती. तिनं दोरीचं टोक चिमटीत धरायचा प्रयत्न केला, एकदा, दुसऱ्यांदा. बोटं दोरीवरून घसरली. लांब बाही मागे सरकली आणि मनगट दिसलं. लाल आणि सुजून फुगलेलं. निवेसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणून लांब बाह्या. म्हणून किल्ली मोरेनानं काढायची. कॉफीच्या भांड्याचं झाकण हिला पिळून उघडता आलं नव्हतं, म्हणून कॉफी नव्हती.

"कधीपासून?"

"आजच सकाळी जरा..."

"मावशी."

"काल दुपारपासून. रात्री अंग भाजत होतं. गोळी घेतली, उतरलं." मावशीनं बाही खाली ओढली. "तुला कळलं असतं तर तू शोधत शोधत इथवर आली असतीस. म्हटलं, चार दिवस दाबून नेऊ."

"आणि मोरेनाच्या शेजारच्या खोलीत झोपलीस! तुला चावलेला डास थोड्या दिवसांनी तिला चावला की झालं! तुझ्या रक्तात आत्ता तो रोग नुसता उकळतोय!" निवेसचा आवाज बंधाऱ्यापर्यंत गेला असेल. "तुला मी काय म्हणू? सांग, काय म्हणू?"

आर्जामावशी टेबलाला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. हात वाकत नव्हते म्हणून तिला डोळेही धड पुसता येईनात. निवेसला तिचा भयंकर राग आला होता आणि तितकीच तिची दयाही आली होती. तिनं स्वतःच्या रुमालानं मावशीचं तोंड पुसलं, जरा जोरातच.

"पुरे. रडायला वेळ नाही. तू आत्ताच्या आत्ता शहरात, फेराराला माझ्या घरी यायचंस. चौथा मजला, सगळ्या खिडक्यांना जाळ्या, कुंडी एक नाही. तुझं रक्त स्वच्छ होईपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. तुझ्या घराभोवती आज फवारणी होईल, मोरेनाजवळ तिची नणंद राहील."

"आणि कळा लागल्या तर? आमच्या घरात माझ्याशिवाय एकही पोर जन्मलं नाही. तुझ्या वेळीसुद्धा मीच होते."

"हे पोर जन्मेल," निवेस म्हणाली.

मावशीनं मान खाली घातली. मग तिनं विचारलं, "कागदावर काय लिहिणार तू?"

"खरं ते."

"पोळपाटासकट?"

"पोळपाटासकट. इथे कोण कोण येऊन गेलं, डबे घेऊन जाणारा ड्रायव्हर, हॉटेलवाले, सगळ्यांना विचारावं लागेल. जागा लपवली तर पुढची टिकली कुठे उमटेल सांगता येणार नाही."

निवेसला वाटलं, आता भांडण होणार. मावशी टेबलावरच्या टोप्यांच्या रांगा बघत होती.

"लिही," ती शेवटी म्हणाली. "पण माझं नाव पहिलं लिही. दिर्चेचं पहिलं आलं तर ती गावभर मिरवेल."

तित्सियानो आला, दोऱ्या कापल्या, ताडपत्री उन्हात पसरली, फवारणी झाली. मावशीचं नाव कागदावर गेलंच आहे म्हटल्यावर बाकीच्या बायकांना लपवण्यात काही राम उरला नाही. त्या आपणहून येऊन सांगायला लागल्या, आणि एवढं सांगायला लागल्या की तित्सियानोच्या गोळ्या संपल्या. वरच्या मजल्यावरची माणसं येऊन अंगणाला टाळं ठोकून गेली, जाताना चार खणखणीत शब्द ऐकून गेली. चर्चच्या सभागृहातल्या स्वयंपाकघराला परवाना मिळतो का ते बघतो, असं सरपंच म्हणाले, आणि या खेपेला ते खरंच बघत होते. ड्रायव्हरला ताप येऊन गेला होता, त्याच्या गल्लीतही फवारणी झाली. त्यानंतर निवेसच्या नकाशावर नवी टिकली लागली नाही. मोरेनाचं पहिलं रक्त स्वच्छ आलं. पण पहिल्या रक्तावर निवेसचा विश्वास नव्हता. रोग अंगात शिरल्यावर काही दिवस दडून बसतो. खरं उत्तर मिळायचं होतं बाळंतपणाच्या दिवशी.

तो दिवस लवकरच आला. पहाटे मोरेनाची नणंद तिला दवाखान्यात घेऊन गेली, आणि निवेसच्या चौथ्या मजल्यावर आर्जामावशी या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फेऱ्या घालत राहिली. निवेसनं तिला दोनदा बसवलं, ती दोनदा उठली. कॉफी निवेसनं केली आणि मावशीच्या तोंडाशी धरली.

दुपारी फोन वाजला. आधी दवाखान्यातले डॉक्टर बोलले. निवेसनं ताप विचारला, रक्ताचं विचारलं, पुन्हा एकदा विचारलं, आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"स्वच्छ," ती मावशीला म्हणाली. "दोघींचंही. मुलगी झाली."

मावशीनं फोनसाठी हात पुढे केला, पण बोटं फोनभोवती मिटेनात. निवेसनं फोन तिच्या कानाला लावून धरला. पलीकडून बाळाचं रडणं आलं, एवढ्याशा जिवाचं केवढंतरी मोठं रडणं. मावशीनं डोळे मिटून घेतले आणि ते ऐकत राहिली.

"आजी," मोरेनाचा दमलेला आवाज आला. "उद्या ये ना बघायला. तुझ्यासारखंच नाक आहे."

मावशीनं डोळे उघडून निवेसकडे पाहिलं. "जाऊ?" तिनं विचारलं. जन्मात कधी कोणाची परवानगी न मागितलेली बाई अगदी हळू आवाजात विचारत होती.

सकाळीच मावशीच्या रक्ताचा निकाल आला होता. "अजून नाही गं, मावशी. रोग अजून आहे रक्तात. गेला की मी स्वतः नेईन तुला."

मावशीचे ओठ वाद घालायला उघडले. निवेस वाट बघत उभी राहिली. मग मावशी फोनकडे वळली.

"निवेस म्हणेल तेव्हा येईन गं, बाळा," ती म्हणाली. "तोवर माझ्या वाटचंही तूच जवळ घे तिला."